आपला खेळ नाही म्हणे!

एप्रिल २०२४मध्ये 'मैदान' आला तेव्हा ऑफिसातले आम्ही पाच-सहा जण पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सला गेलो होतो. त्यात एक हैदराबादचा, एक कोलकात्याचा, बाकी आम्ही मराठी. इंटरव्हलला हैदराबादवाला पॉपकॉर्न हातात घेऊन, घरचंच लग्न असल्यासारखा सगळ्यांना सांगत होता की रहीमसाहेब आमचे. कोलकात्यावाला म्हणाला, पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी आमचे. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. "और तुम लोगों का?"

मी म्हणालो, "हमारा क्रिकेट है, भाई. जालना में फुटबॉल-वुटबॉल नहीं."

रविवारी घरी फोन केला तेव्हा आबांना, म्हणजे आजोबांना, सिनेमाबद्दल सांगितलं. सय्यद अब्दुल रहीम म्हणून एक कोच होते, त्यांच्यावर आहे, असं म्हणालो. आबा सत्त्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, त्यामुळं नाव दोनदा सांगावं लागलं. मग पलीकडून आवाज आला, "रहीमसाब? सिटी पोलीसचे? आरं, ते आपलेच की!"

आपलेच. सिनेमा बघून अश्रू पुसणारा मी रहीमना हैदराबाद्याला देऊन टाकून आलो होतो, आणि माझ्या घरात बसलेला म्हातारा मात्र त्यांना 'आपले' म्हणत होता. दोघांपैकी बरोबर कोण? मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, आणि आबाच बरोबर आहेत अशा निष्कर्षाला आलो. हा लेख त्याबद्दल आहे. शिवाय 'फुटबॉल आपल्याकडचा खेळ नाही' हे वाक्य मराठवाड्यातल्या पोरांना ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे, तेही इथंच मिटवायचं आहे.

भांडण असं. मी मराठवाड्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो. नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाही. तिसऱ्या वर्षाला आम्ही अठरा जणांनी सह्या करून अर्ज दिला होता, की आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी मैदान फुटबॉलला द्या आणि दोन गोलपोस्ट लावून द्या. क्रीडाशिक्षकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि अगदी मायेनं म्हणाले, "फुटबॉल आपल्याकडचा खेळ नाही रे, पोरांनो. ते बंगाल, गोवा, केरळचं काम. तुमी क्रिकेट खेळा, कबड्डी खेळा." आम्ही दोन बांबू रोवून खेळलो. पुढच्या गॅदरिंगच्या मांडवाला बांबू कमी पडले तेव्हा तेही गेले. वर्षभरात मैदानाच्या त्या बाजूला पार्किंगची शेड आली.

सरांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. पण ते वाक्य खोटं आहे, आणि किती खोटं आहे हे कळायला १९५६-५७ चा एक हंगाम पुरेसा आहे.

आधी नकाशा. आज आपण जालना जिल्हा म्हणतो तो १ मे १९८१ला झाला. त्याआधी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत हा सगळा मराठवाडा, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे, हैदराबाद राज्यात होता. सप्टेंबर १९४८ला निजामाची सत्ता गेली, हे राज्य भारतात आलं, १९५२ला निवडणूक होऊन लोकांनी निवडलेलं सरकार आलं. पण राजधानी हैदराबादच राहिली. हायकोर्ट हैदराबादला. बाजारात हाली रुपया. आणि शिक्षण उस्मानिया विद्यापीठाचं. 'जालना सोने का पालना' म्हणत मिरवणाऱ्या आमच्या गावच्या व्यापाऱ्याचा पोरगा पदवी घ्यायला निघाला की मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज गाडीत बसायचा. आबा औरंगाबादच्या कॉलेजात होते. त्यांचं इंटरचं सर्टिफिकेट १९५७चं आहे आणि त्यावर उस्मानिया विद्यापीठाचं नाव आहे. म्हणजे जालना तेव्हा मुंबई राज्यात जाऊन काही महिने झाले होते, तरी विद्यापीठ हैदराबादचंच. मराठवाडा विद्यापीठ निघालं ऑगस्ट १९५८मध्ये.

आता याच राज्यातला फुटबॉल बघा. सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानियाचे पदवीधर, विद्यापीठाच्या टीममधून खेळलेले, पेशानं शाळामास्तर. पुढं ते हैदराबाद सिटी पोलीस या टीमचे कोच झाले. या टीमनं मुंबईत कूपरेजवर येऊन रोव्हर्स कप जिंकला. १९५०, ५१, ५२, ५३, ५४. सलग पाच वर्षं. १९५०चा ड्युरँड कपही त्यांचाच. त्या काळात देशात रोव्हर्स, ड्युरँड आणि कोलकात्याची आयएफए शील्ड यांच्यावर कुणी स्पर्धा नव्हती. आयपीएलमध्ये एखाद्या टीमनं सलग पाच ट्रॉफ्या मारल्या तर पोरं अंगावर गोंदवून घेतील. ही कामगिरी करणारी टीम आपल्या राज्याच्या राजधानीची होती. त्याच रहीमांच्या हाताखाली १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या एशियाडमध्ये भारतानं अंतिम सामन्यात इराणला १-० हरवून सुवर्ण घेतलं.

मग आला तो हंगाम. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात, कानडी भाग म्हैसूरकडं, आणि आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात. बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली. ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. भारत चौथा आला, आणि त्यापुढं ऑलिम्पिकमध्ये आपण कधीच गेलो नाही. कोच रहीम होते. संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारउद्दीन, तुलसीदास बलराम ही हैदराबादची पोरं होती. ज्या राज्याच्या मैदानांवर ती वाढली, ते राज्य महिन्याभरापूर्वी नकाशावरून गेलेलं होतं.

गंमत पुढं आहे. राज्य गेलं तरी फुटबॉल असोसिएशन हैदराबादच्याच नावानं संतोष ट्रॉफी खेळत राहिली. १९५६-५७ची संतोष ट्रॉफी हैदराबादनं जिंकली. अंतिम सामन्यात कुणाला हरवून? मुंबईला. पुढच्या वर्षी, १९५७-५८ला, पुन्हा हैदराबाद. पुन्हा मुंबईलाच हरवून.

म्हणजे जालन्यातल्या माणसाचा संघ सरकारी राजपत्रानं बदलला, आणि त्याच हंगामात जुन्या संघानं नव्या संघाला धूळ चारली. आबांना मी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं होता? ते हसले. म्हणाले, "राज्य मुंबईचं झालं ते चांगलंच झालं. पण बॉलचं वेगळं असतंय."

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण गेल्या वर्षभरात मित्रांशी, काकांशी आणि एका सख्ख्या मेहुण्याशी यावर भांडून झालं आहे.

पहिला आक्षेप: ते सगळे खेळाडू हैदराबाद-सिकंदराबादचे. जालन्याचा काय संबंध?

बरं. मग सचिन तेंडुलकर कुठला? वांद्र्याचा. सुनील गावसकर? मुंबईचा. आमच्या गांधी चमनात सचिनच्या शतकाला फटाके वाजायचे तेव्हा कुणी विचारलं नाही, की जालन्याचा काय संबंध. जालन्याहून मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास. हैदराबाद त्याहून थोडं लांब. मुंबईचं मैदान 'आपलं' होतं ते एकाच कारणानं: आपण एका राज्यात आहोत. मग जे १९५६नंतर मुंबईला लागू, ते १९५६आधी हैदराबादला का नाही? राज्य बदललं की भूतकाळही परत करायचा, असा काही नियम आहे का?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, म्हणून त्याला उडवून लावणार नाही. मेहुणा म्हणाला, "हैदराबाद पोलीस? निजामाचे पोलीस? त्यांच्या कपांचा अभिमान बाळगायचा?" मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडा उगीच लावत नाहीत. रझाकारांनी काय केलं ते घराघरांत सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं ते कमी घरांत सांगितलं जातं, आणि तेही खरं आहे. या जखमांवर फुटबॉलची पट्टी लावायला मी निघालेलो नाही.

पण तारखा बघा. पाच रोव्हर्स कप १९५० ते ५४. तोवर निजाम नावाला राजप्रमुख होता आणि राज्य भारताचं होतं. ही टीम स्वतंत्र भारतातल्या एका राज्याच्या पोलिसांची होती, आणि तिच्यातले खेळाडू तिरंग्याखाली ऑलिम्पिक खेळत होते. निजामशाही नाकारताना आपण हैदराबादची आठ-नऊ वर्षांची लोकांची गोष्टही त्याच गोणीत भरून फेकून दिली. त्या गोष्टीतली बरीच नावं मुसलमान आहेत, म्हणून फेकणं जास्त सोपं गेलं, हेही बोलून टाकू. आजही कदीम जालन्यात संध्याकाळी फुटबॉल खेळणारी पोरं दिसली की कुणीतरी म्हणतंच, 'तो त्यांचा खेळ'. 'आपला नाही'चा अर्थ पुष्कळदा हा असतो. सरांना तो अभिप्रेत नव्हता. मेहुण्याला होता.

तिसरा आक्षेप: मराठी माणसाला फुटबॉल मानवत नाही. याला उत्तर द्यायची गरज नाही, कोल्हापूरचं तिकीट काढून द्यायची गरज आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर उभं राहायला जागा मिळत नाही. पेठेपेठेचं भांडण तिथं गोलपोस्टमध्ये मिटतं, आणि कधी कधी गोलपोस्टमध्येच सुरू होतं. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. कोल्हापूरच्या पाण्यात काही वेगळं नाही. तिथं दरवर्षी हंगाम होतो, एवढंच.

हंगाम हा शब्द मला इथं महत्त्वाचा वाटतो. सामना कुठंही होऊ शकतो, दोन बांबू रोवून आम्हीही केला. हंगाम म्हणजे आधी लावलेलं वेळापत्रक, ठरलेलं मैदान, लिहून ठेवलेला स्कोअर, आणि हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना आहे ही खात्री. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. एक पेरणी वाया गेली म्हणून कुणी शेत विकत नाही.

रहीमांची गोष्टही हंगामांची आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला कोच तेच होते, आणि तिथं युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. यावेळी पहिला गोल नेव्हिलनं, म्हणजे भारतानं केला. शेवटी ४-१ हरलो. १०-१ आणि ४-१. दोन्ही पराभवच. पण पहिला आकडा माहीत असेल तरच दुसऱ्यातली प्रगती दिसते. सप्टेंबर १९६२ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियाडचं दुसरं सुवर्ण आलं, तेव्हा रहीमना कॅन्सर होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. चाळीस-पन्नास मिनिटांच्या भाषणानं ही टीम बनली नव्हती. हैदराबादला ते पोरांसाठी ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घ्यायचे, म्हणजे पास दिल्याशिवाय पर्यायच नाही. असं वर्षानुवर्षं केलेलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये एक साधी गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. सिस्टिम पडली आणि लॉग नसेल, तर काय झालं ते कुणालाही कळत नाही. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं. 'फुटबॉल आपला खेळ नाही' हे असंच मोठ्या आवाजाचं वाक्य आहे. समोर लॉग ठेवला की ते पडतं.

लॉग ठेवण्याचं एक उदाहरण पार दूरचं सांगतो, आणि खेळही वेगळा आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो लांबोळका चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. तिथं १९५१ साली, म्हणजे आपण दिल्लीत इराणला हरवलं त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची टीम नऊच्या नऊ सामने जिंकली. एवढं केल्यावर हंगामाच्या शेवटी मोठ्या मानाच्या सामन्याचं बोलावणं यायला हवं. पण टीममध्ये ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन काळे खेळाडू होते. त्यांना घरी ठेवलंत तर बघू, असं सुचवलं गेलं. टीम म्हणाली, मग कुणीच येणार नाही. बोलावणं आलं नाही. खर्च झेपेना म्हणून विद्यापीठानं त्या हंगामानंतर ती टीमच बंद केली. कप नाही, टीमही नाही. तरी पंच्याहत्तर वर्षांनी पुण्यात बसलेल्या मला त्या पोरांचा स्कोअर आणि नावं माहीत आहेत. कॉलेजच्या एका हंगामाची ताकद ही असते. कुणीतरी तो लिहून ठेवला आणि पुढच्यांनी तो टाकून दिला नाही.

आमच्याकडं काय होतं? १५ सप्टेंबर २०१७ला राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' केलं. विश्वचषक भारतात येत होता, म्हणून शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि एका दिवसात दहा लाख पोरं खेळवायची असं ठरलं. हेतू वाईट नव्हता. मुलांनी चेंडूला पाय लावला, फोटो निघाले. पण एका दिवसाचा हंगाम होत नाही. पुढच्या शुक्रवारी सामना कुणाशी, कुठं, कोण रेफरी, हे ज्या शाळेत ठरलं नाही तिथं ते फुटबॉल कपाटात गेले. माझ्या ओळखीच्या एका शाळेत त्यातला एक मी स्वतः पाहिलाय. हवा गेलेला, ट्रॉफीच्या शेजारी, नीट पुसून ठेवलेला.

म्हणून माझं म्हणणं स्टेडियम बांधा असं नाही. स्टेडियमचं भूमिपूजन होतं, मग बारा वर्षं तिथं गाजरगवत उगवतं, ते आपण पाहिलंय. माझं म्हणणं कॉलेजांना आहे. जिल्ह्यातली सहा कॉलेजं, जून ते सप्टेंबर सोडून उरलेल्या दिवसांत दहा शनिवार, एक वेळापत्रक, एक वही. मुलींचंही तेच, त्याच वहीत. मैदानावर परीक्षेचा मांडव, प्रदर्शन, पार्किंग यांच्याआधी त्या दहा शनिवारांचा हक्क. आणि ती वही ग्रंथालयात जपून ठेवायची. रद्दीत घालायची नाही. बावीस पोरांना एक चेंडू लागतो. याहून स्वस्त शिक्षण मी तरी पाहिलेलं नाही. हे करायला कुणाची मंजुरी लागत नाही. फक्त 'आपला खेळ नाही' हे वाक्य तोंडातून बंद व्हावं लागतं.

गेल्या दिवाळीत आम्ही मोती तलावाच्या बाजूला चार टीम जमवल्या. दोन कदीम जालन्यातल्या, एक आमच्या वसाहतीची, एक स्टीलच्या कारखान्यांत कामाला असलेल्या बिहारी पोरांची. बिहारी पोरं भारी निघाली. प्रत्येकानं प्रत्येकाशी एक सामना, तीन दिवसांत सहा सामने. एक सामना पंप न मिळाल्यानं तासभर उशिरा सुरू झाला. आमची टीम तिन्ही हरली. शेवटच्या दिवशी आबांना रिक्षानं आणलं, खुर्ची टाकून बसवलं. त्यांना चेंडू धड दिसत नव्हता, पण आवाजावरून ते ओळखत होते.

सहाही सामन्यांचे स्कोअर आणि गोल करणाऱ्यांची नावं मी दोनशे पानी वहीत लिहिली आहेत. पहिल्या पानावर वर्ष टाकलंय. बाकीची पानं कोरी आहेत. पुढच्या दिवाळीला तुमच्या गावची टीम घेऊन या.